होडीचं माप

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला सांगितलं की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, आणि हा ब्लाउज शिवणाऱ्याचा दोष नाही.

मी तेव्हा भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले होते. वय एकवीस. आपलं टेबल कुठलं, खुर्ची कुठली एवढंही अजून कळलं नव्हतं. तेवढ्यात पांढरा लेंगा, खाकी शर्ट आणि गळ्यात मोजपट्टी अडकवलेले एक उंच, वाळके गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. पण राग यावा असं त्या बघण्यात काही सापडेना. दुकानातल्या ताग्याकडे बघावं तसं ते बघणं होतं.

"शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर न्यायचात का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"वाटलंच," म्हणाले आणि शेडमध्ये निघून गेले. घरी गेल्यावर मी दार लावून आरशासमोर उभी राहिले. अर्धा इंच होता.

कारखान्यात फायबरग्लासचं काम चालायचं. रिक्षांची टपं, रसायनांच्या टाक्या, कधी एखाद्या मोठ्या कंपनीचं सॅम्पल. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर मधासारखं दाट रेझिन ओतायचं, ब्रश आणि रूळ फिरवून आतली हवा काढायची, आणि कडक झालं की वस्तू साच्यातून सोडवायची. सगळ्यांच्या अंगाला खाज आणि सगळ्यांच्या कपड्यांना वास. या साऱ्या कामावर मास्तरांची देखरेख. त्यांना सगळे मास्तर म्हणत म्हणून ते पूर्वी कुठल्यातरी शाळेत शिकवत असतील असं मी आठवडाभर धरून चालले होते. मग कापड कापणाऱ्या हिराबाईंनी सांगितलं, ते शिंपी-मास्तर. राजगुरुनगरला एसटी स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. एका कंत्राटदाराने गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला म्हणून त्यांना इकडे आणलं आणि ते इथलेच झाले.

"काच म्हणतात ती उगाच लोकांना घाबरवायला," मास्तर म्हणत. "धागा आहे, वीण आहे, उभं-आडवं आहे. मग कापडच झालं. आणि कापड झालं म्हणजे ते शिंप्याचं."

त्यांच्या लेखी आमच्याकडे तीन प्रकारचं कापड होतं. पहिलं मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचे तुकडे कसेही पसरून गोंदाने एकत्र धरलेले. त्याला ते गोधडीतला कापूस म्हणत. दुसरं जाडंभरडं विणलेलं, ते गोणपाट. तिसरं बारीक विणीचं, हात लावला तर रेशमासारखं सरकणारं, ती मलमल. मलमल महाग, म्हणून ऑफिसातल्या कपाटात कुलपाआड असायची.

गिऱ्हाईक आलं की मास्तर त्याची उलटतपासणी घेत. टाकीत काय ओतणार, ती उन्हात ठेवणार की सावलीत, तिच्यावर कोणी चढणार का. एकदा एक जण कंटाळून म्हणाला, अहो, तुम्ही आपलं चांगल्यातलं काहीतरी वापरा. मास्तरांनी त्याला पाणी पाजलं आणि सांगितलं, "लग्नात घालायचंय की रोज, हे सांगितल्याशिवाय मी ताग्याला हात लावत नाही."

आणि माल ट्रायलशिवाय सुटत नसे. रिक्षाच्या टपाची ट्रायल मी स्वतः पाहिली आहे. धिप्पाड रिक्षावाल्याला त्यांनी स्टुलावर बसवलं, चौघांना त्याच्या डोक्यावर टप धरायला लावलं आणि त्याला डावीकडे बघा, उजवीकडे बघा, मीटर पाडा अशी कवायत करायला लावली. शेवटी म्हणाले, पान खाता ना, मग वाका आणि थुंका. तो बिचारा साहेबांकडे बघायला लागला. साहेब म्हणजे आमचे मालक, तिशीचे इंजिनियर, मास्तरांना जरा भिऊनच असत. त्यांनी दुसरीकडे बघितलं. रिक्षावाला वाकला आणि थुंकला. मास्तरांनी टपाच्या कडेवर खडूने दोन बोटं आत खूण केली. कडा तेवढी कापली गेली, आणि त्या रिक्षावाल्याने पुढे आपल्या स्टँडवरची सहा गिऱ्हाइकं पाठवली. त्या सहाही जणांना माल कधी मिळेल असं विचारल्यावर मास्तरांनी एकच उत्तर दिलं. उद्या.

शिंप्याची सवय त्यांना एकदाच नडली होती, आणि ती हकीकत हिराबाई नवीन माणसाला सांगितल्याशिवाय राहत नसत. मास्तर इथे आले त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर कपडा पहिल्या धुण्याला आटतो. हे मास्तरांच्या हातात इतकं मुरलेलं, की त्यांनी कोणाला न विचारता सगळं काचेचं कापड पिंपात भिजत घातलं. सकाळी बघतात तर मॅटचा लगदा होऊन तळाशी बसलेला. विणलेलं तेवढं वाचलं, ते त्यांनी दोरीवर वाळत घातलं. "लगीनघरासारखं सगळं चकाकत व्हतं बघा ताई," हिराबाई सांगत. "आन् त्या वॉचमननं टावेल समजून त्वांड पुसलं." पुढच्या वेळी सांगताना वॉचमनच्या जागी बकरी यायची. साहेब गावाला गेलेले असले तर साहेब यायचे.

मास्तरांचा राग एकाच गोष्टीवर होता, छापील कागदावर. त्याचं कारण साहेबांच्या टेबलावरच ठेवलेलं असे: रेझिनचा एक डबा, आत दगड झालेलं रेझिन आणि त्यात उभाच्या उभा रुतलेला ब्रश. साहेबांनी एकदा एका परदेशी पत्रकात लिहिलेल्या मापाने रेझिनमध्ये ते कडक करणारं औषध मिसळायला लावलं होतं. पत्रक लिहिणाऱ्याने भोसरीतली मे महिन्यातली पत्र्याची शेड काही पाहिली नव्हती. डब्यातून धूर आला आणि ब्रश काढायलाही वेळ मिळाला नाही. मास्तरांनी तो डबा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि साहेबही इतके सरळ की पेपरवेट म्हणून वापरायला लागले.

तरी माझ्या कामात एक काम असं होतं, की रेझिनबरोबर येणारी इंग्रजी पत्रकं वाचून मास्तरांना मराठीत सांगायची. मी पत्रक घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहायची. ते मान वर न करता म्हणायचे, "ठेवा तिथं. कागद मुका असतो. ज्यानं लिहिलंय त्याला बोलवा, मी विचारतो काय विचारायचं ते." मी पत्रक ठेवून परत यायची. ही व्यवस्था आम्हा दोघांनाही सोयीची होती.

माझं असं होतं की बोलायच्या आधी मी प्रत्येक वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची, आणि तोवर विषय बदललेला असायचा. शाळेत मराठी बोलायला बंदी होती. पिंपरीच्या आमच्या कॉलनीत इंग्रजी बोललं की पोरं वेडावून दाखवत. म्हणून मी मधला मार्ग काढला होता, गप्प बसण्याचा. कारखान्यात सहा महिने झाले तरी शेडमधल्या माणसांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. टाइपरायटरचा तेवढा ऐकला होता.

एप्रिल संपता संपता ट्रॉलीत उलटी घालून ती होडी आली.

मोशीच्या पलीकडे इंद्रायणीकाठी एक वस्ती होती. बंधाऱ्यामुळे तिथे बारा महिने पाणी. एका बड्या कंपनीच्या क्लबाने वापरून टाकून दिलेली ही फायबरची होडी वस्तीला मिळाली होती, आणि भिकोबा नावाचे म्हातारे गृहस्थ ती चालवायचे. आमचे सात कामगार त्या वस्तीवरचे, हिराबाईही तिथल्याच. होडी नसली तर पुलावरून दोन तासांचा वळसा. पाऊस सुरू झाल्यावर, शाळा उघडल्यावर, पोरांनी तो वळसा कसा घालायचा हा प्रश्न होता. सात माणसं पहिल्या शिफ्टला उशिरा येतात, हा साहेबांचा प्रश्न होता. म्हणून साहेबांनी होडी दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं.

मास्तरांनी आधी होडीचं माप घेतलं. "लिहा बाई," ते मला म्हणाले. "छाती साडेपाच फूट. कंबर पावणेपाच. उंची अठरा." मी लिहिलं. कामाचा कागद इंग्रजीत टाइप करायचा असे, म्हणून मी चेस्ट आणि वेस्ट टाइप केलं, आणि साहेबांनी त्यावर न बघता सही केली.

मग ते होडीत उतरले. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान अजून त्यांच्या मधल्या बोटात असायचं. त्या बोटाने ते होडीचा तळ ठोकत, कान लावत, पुढे सरकत राहिले. पक्की जागा टणटण वाजायची. कुजलेली भदभद, जुन्या भोपळ्यासारखी. भद वाजलं की तिथे खडूची फुली. तासाभराने तळावर फुल्यांशिवाय काही दिसेना.

साहेबांचं म्हणणं सोपं होतं. बाहेरून मॅटचा एक थर द्यायचा, रंग मारायचा, की झालं.

"अस्तर कुजलंय, साहेब," मास्तर म्हणाले. "वरून कितीही इस्त्री करा." तळाच्या आतल्या अंगाला आडव्या-उभ्या लाकडी फासळ्या होत्या. होडीचा सगळा ताण त्या झेलत. पाणी जाऊन जाऊन त्यांचा भुसा झाला होता. त्या काढून नव्या घालायच्या, प्रत्येक फासळीवर काचेचं कापड चढवून ती होडीच्या अंगाशी एकजीव करायची, हे मास्तरांचं म्हणणं. आणि त्यासाठी रोजचं रेझिन चालणार नव्हतं. रोजच्याला उग्र वास, म्हणून शेडमध्ये त्याला वासाचं म्हणत. दुसरं महागाचं एपॉक्सी, ते बिनवासाचं. वासाचं जुन्या फायबरला आणि लाकडाला नीट धरत नाही, हे मास्तरांनी कागदावर वाचलं नव्हतं. त्यांनी एका जुन्या टपाला दोन लाकडी ठोकळे दोन रेझिनने चिकटवले आणि वॉचमनला आळीपाळीने लोंबकळायला लावलं. वासाचा ठोकळा वॉचमनसकट खाली आला.

साहेब म्हणाले, "मास्तर, पाच-सहा माणसं बसणार तिच्यात. जहाज थोडंच आहे."

खाली बसून मॅट कापणाऱ्या हिराबाईंनी कात्री थांबवली. "सोळा बसतो आमी, साहेब. माझी पोरगी धरून."

"पोहता येतं का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"मला न्हाई. तिला बी न्हाई."

बिनवासाच्या रेझिनचा डबा त्याच दुपारी मागवला गेला. ऑर्डर मीच टाइप केली.

आता राहिलं कापड. मास्तरांनी मॅट निवडली, आणि त्यामागे त्यांचा इतक्या वर्षांचा हात होता. फासळी चौकोनी, तिला कोपरे. विणलेलं कापड कोपऱ्यावर ताठ उभं राहतं आणि खाली हवा धरतं. मॅट मात्र रेझिनमध्ये भिजली की लोण्यासारखी होते, म्हणाल तशी बसते. सगळ्यात पक्कं रेझिन आणि सगळ्यात शहाणं कापड. "सोळा माणसांचं अंग आहे," ते म्हणाले. "दोन्ही चांगल्यातलं घेऊ."

डब्याबरोबर पत्रक आलं. ते मी घरी जाताना बसमध्ये वाचलं. बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. मॅटमधला गोंद विरघळतो तो वासाच्या रेझिनमध्ये. म्हणून ती लोण्यासारखी होते. बिनवासाच्यात गोंद विरघळतच नाही. मॅट कडक राहते, खाली हवा राहते, हवेच्या जागी पुढे पाणी येतं आणि लाकूड पुन्हा कुजतं. हे बाहेरून कोणाला दिसणार नव्हतं. नदीच्या मध्यावर कधीतरी कळणार होतं.

घरी पोचल्यावर मी मराठीत एक चिठ्ठी लिहिली. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मास्तरांच्या खडूच्या डब्यात ठेवली, आणि ऑफिसच्या खिडकीशी जाऊन बसले. त्या खिडकीतून शेड दिसे.

मास्तर आले. खडू त्यांच्या कानावर होता. डब्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

होडी शेडच्या मध्ये सुलटी ठेवलेली, आत नव्या फासळ्या बसवलेल्या. हिराबाईंनी मॅटच्या पट्ट्या कापून ओळीने मांडल्या होत्या. मास्तरांनी रेझिनमध्ये ते कडक करणारं औषध ओतलं आणि मोठ्याने आकडे मोजत ढवळायला लागले. एकदा मिसळलं की त्या उन्हाळ्यात हातात वीसेक मिनिटं, फार तर पंचवीस. मी वाक्य मनात एकदा म्हटलं. मग दुसऱ्यांदा म्हटलं. मास्तरांनी पहिली पट्टी उचलली. तिसऱ्यांदा मी ते मनात म्हणतेय असंच मला वाटत होतं.

"मास्तर, थांबा."

सगळे थांबले. ब्रशवाल्या दोघांनी आधी दाराकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"अगंबाई," हिराबाई म्हणाल्या. "ताई बोलल्या."

मास्तर खिडकीकडे वळले. "का थांबू?"

मी पत्रक वर धरलं. इतके महिने ते मान वर न करता जे म्हणायचे तेच आता म्हणणार अशी माझी खात्री होती.

"तो कागद राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

मी शेडमध्ये गेले आणि सांगितलं. एका दमात, चुकत, मध्येच इंग्रजीत घसरत. मॅटमधला गोंद, वासाचं, बिनवासाचं, हवा, पाणी. शेवटी मी म्हणाले, भिजली तरी बसणार नाही, पापडासारखी राहील. पापड पत्रकात नव्हता.

मास्तरांनी पट्टी रेझिनमध्ये बुडवली, फासळीवर टाकली आणि अंगठ्याने कोपऱ्यावर दाबली. अंगठा काढला तशी पट्टी उठून उभी राहिली. पुन्हा दाबली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतंच बघितलं.

"ट्रायल फेल," ते म्हणाले.

डबा तेवढ्यात कोमट व्हायला लागला होता. मास्तरांनी चहाचा मोठा ट्रे मागवला, वरच्या कपबशा हिराबाईंच्या ओटीत ओतल्या आणि सगळं रेझिन ट्रेमध्ये पसरलं. साचून राहिलं की तापतं, पसरलं की जरा वेळ देतं, हेही त्यांच्या हाताचंच ज्ञान होतं. मग ते माझ्याकडे वळले. "मलमल."

मलमल कपाटात होती, साहेब पुण्याला गेलेले, आणि दुसरी किल्ली माझ्याकडे. "ती सॅम्पलसाठी ठेवलीय," मी म्हणाले. एका मोठ्या कंपनीला गाडीच्या बॉनेटचा नमुना द्यायचा होता आणि कपाटातला तागा तेवढाच होता.

मास्तरांनी हात पुढे केला. हिराबाई ओटीत कपबशा घेऊन उभ्या होत्या. मी किल्ली काढून दिली.

"पर मास्तर," हिराबाई म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवं, इणलेलं कोपऱ्यावर बसत न्हाई म्हून."

मास्तरांनी तागा टेबलावर उलगडला होता. कात्री हातात घेऊन ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कापड सरळ न धरता कोनात फिरवून धरलं, दोन्ही टोकांनी हलकेच ओढलं, आणि ते रबरासारखं लांबलं.

"उरेब," ते हळूच म्हणाले.

आम्हा बायकांना लगेच कळलं. ब्लाउजच्या गळ्याला लावतात ती उरेब पट्टी, कापड तिरपं धरून कापलेली. म्हणून तर ती गोलाईवर चुणी न पडता बसते. "आयुष्यभर बायकांच्या गळ्याला लावली," मास्तर म्हणाले, "आणि इथं मला गोधडीतला कापूस सुचला." मग त्यांनी कापायला सुरुवात केली. मोजपट्टी गळ्यातच राहिली. नुसत्या नजरेने, कात्री न उचलता, एकामागून एक तिरप्या पट्ट्या. हिराबाई त्या पुढे देत होत्या, दोघं ब्रश मारत होते, आणि मलमल फासळीच्या कोपऱ्यावरून वळून अशी बसत होती की जणू तिथेच विणली आहे. भिजली की पांढरेपणा जाऊन ती पाण्यासारखी पारदर्शक व्हायची आणि खालचं लाकूड दिसायचं. ट्रेमधलं शेवटचं रेझिन घट्ट व्हायला लागलं तेव्हा शेवटच्या फासळीचा शेवटचा हात चालला होता. मी कोणीतरी दिलेला रूळ धरून होडीत गुडघ्यांवर बसले होते. मी होडीत कधी उतरले ते मला आजही आठवत नाही.

दुपारी साहेब आले, आणि कपाट उघडं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाईंनी थांबवलं," मास्तरांनी सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "नाहीतर मी घाण करत होतो." होडीखाली जागा असती तर मी तिच्याखाली शिरले असते. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, खरं का हे. मी इंग्रजीतच, पत्रकातल्या दोन ओळी न चुकता म्हणून दाखवल्या. साहेबांनी टेबलावरच्या डब्यात रुतलेला ब्रश थोडा वेळ हलवून पाहिला. मग फोन उचलला आणि त्या मोठ्या कंपनीला सांगितलं, सॅम्पल उद्या मिळेल.

त्यानंतर माझं गप्प बसणं संपलं, म्हणजे मास्तरांनी ते चालू दिलं नाही. कुठलंही काम निघालं की शेडच्या दुसऱ्या टोकावरून हाक यायची, "बाई, तुमचं काय म्हणणं?" माझं काहीच म्हणणं नसलं तर तेही ओरडून सांगावं लागे. आता मास्तर राजगुरुनगरला परत गेलेत, त्याच जुन्या दुकानात. मी त्यांच्याकडे एक ब्लाउज शिवायला टाकलाय. त्याला तीन महिने झाले. उद्या मिळणार आहे.

होडीची ट्रायल शाळा उघडायच्या दोन दिवस आधी झाली. भिकोबांना वाटलं होतं होडी पाण्यात लोटली की काम झालं. मास्तरांनी वस्तीवरची सोळा माणसं मागितली, रोज बसतात तीच, रोज बसतात तशीच. आणि मला म्हणाले, "हटकलं तुम्ही. तुम्ही बसा." मी सतरावी. मास्तर अठरावे. मोजपट्टी गळ्यात, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेली. त्यांनी नदी एसटीच्या खिडकीतून सोडून कुठून पाहिलीच नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मध्यावर आल्यावर त्यांनी भिकोबांना वल्ही थांबवायला लावली. सगळ्यांना डावीकडे वाकायला सांगितलं, मग उजवीकडे. पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, ह्यो मानूस आमाला बुडवाया आनलाय का. मास्तरांनी एक हात सोडला, डोळे मिटले आणि अंगुस्तानाने तळ ठोकला. टण. पुढे ठोकला. टण. हात पुरेल तिथवर ठोकून झालं.

"मास्तर, आता न्हेऊ का पल्याड?" भिकोबांनी विचारलं. "का हितंच इस्त्री करायची हाय?"

"न्या," मास्तर म्हणाले. सोडलेला हात त्यांनी पुन्हा कडेवर ठेवला.

हिराबाईंची पोरगी माझ्या समोर बसली होती. तिसरीत होती. ती वाकून बाकाच्या खाली, होडीच्या आतल्या अंगाकडे टक लावून बघत होती. मग अक्षरावर बोट ठेवत, शाळेतल्या बाईंसमोर धडा वाचावा तशा आवाजात तिने वाचायला सुरुवात केली.

"मास्तर, होडीला मॅट घालू नका. मॅटमधला गोंद या रेझिनमध्ये विरघळत नाही."

मी खाली वाकले. फासळीवर मागाहून चढवलेल्या मलमलीच्या एका तुकड्याखाली, पारदर्शक रेझिनमध्ये, माझी चिठ्ठी होती. पाचव्यांदा लिहिलेली, माझ्याच अक्षरात. ओली नाही, सुरकुतलेली नाही. जुन्या कोटाच्या गळ्याशी शिंप्याच्या नावाची पट्टी असते तशी बसवलेली.

"खडू शोधताना सापडली," मास्तर पलीकडच्या काठाकडे बघत म्हणाले. "दोन दिवसांनी. आधी सापडली असती तरी मी वाचली नसती."

पोरगी वाचतच होती. होडीतले सगळे ऐकत होते. "मॅट कडक राहील व खाली हवा राहील. हवेच्या जागी पाणी येईल व लाकूड कुजेल. म्हणून विणलेले कापड घ्यावे."

ती थांबली. मी वाट बघत राहिले. चिठ्ठीत आणखी एक ओळ होती, मला पाठ होती. ती लिहिताना तर मी सगळ्यात जास्त वेळ घेतला होता: माझे काही चुकले असल्यास माफ करावे.

"पुढे?" मी विचारलं.

पोरीने पुन्हा वाकून बघितलं. "पुढं न्हाई," ती म्हणाली. "पुढं कापलंय."

मी बघितलं. कागदाची खालची कडा सरळ होती, एका दमात, कात्री न उचलता कापलेली.

"तेवढं जास्तीचं होतं," मास्तर म्हणाले.